तांबड्या पिल्लांच्या पुढचं पाणी

आमच्या घरात बोलणं थोडं आणि आवाज फार. सकाळी बाबा खुंटीवरचं जाळं काढत, तेव्हा त्याच्या काठाला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या भिंतीला घासून खळखळत. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापायची, त्याची थपथप. दाराशी बसून आत्या सुपारी कातरायची, त्याची कटकट. आणि घरामागचा उतार उतरून गेलं की डोह होता, तिथून मधूनच एक आवाज यायचा, भप्. मिटलेले ओठ कोणी एकदम उघडावेत तसा. ती मरळ. बाकीचे मासे पाण्यातल्या पाण्यात श्वास घेतात, मरळीला मात्र वर येऊन हवा घ्यावी लागते. हे मला पुढं आत्यानं सांगितलं. त्याआधी मला वाटायचं की डोहात कोणी तरी आहे, ते बोलायला तोंड उघडतं आणि मग जाऊ दे म्हणून मिटून घेतं. माझंही तसंच होतं, म्हणून त्या आवाजाचं मला भय नव्हतं. भय नंतर आलं.

सोनाळ्याच्या पलीकडं, सातपुड्यातून उतरणाऱ्या एका लहान नदीवर आमची चार घरं होती, सगळी भोयांची. बाबा मासे धरत आणि नदीच्या त्या अंगाला मळईच्या गाळात वांगी-मिरच्या लावत. आमच्या घरामागं नदी वळण घेत होती, तिथं काठावर एक जुनं जांभळीचं झाड होतं. त्याच्या निम्म्या मुळ्या जमिनीत आणि निम्म्या पाण्यात. काठाचं पाणी उथळ, शेवाळाचं, उन्हानं कोमट झालेलं. मुळ्यांखालचं पाणी काळपट. त्याच्या पुढं डोह. डोहाच्या पाण्याला रंगच नव्हता. त्यात पाहिलं की फक्त आपलंच तोंड दिसायचं.

मी चौथी झाले आणि शाळा सुटली, कारण पाचवीची शाळा नदीपलीकडं दुसऱ्या गावात होती. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण सुटल्यासारखंही वाटलं. गुरुजी हजेरी घेत तेव्हा माझ्या घशातून ‘हजर’ निघायचं नाही. चार वर्षं गुरुजींनी माझ्याकडं नुसतं पाहून हजेरी मांडली. घरात माय म्हणायची, ‘ह्या पोट्टीले देवानं तोंड देलं ते भाकर खायापुरतं.’ लोक हसायचे, मीही हसायची. मी अकरा वर्षांची असेन तेव्हा. धाकटी चिमी पाच वर्षांची. दुपारभर तिच्यावर लक्ष ठेवणं हे माझं काम होतं, आणि राखेनं भांडी घासणं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडं राहायला आली होती. गुडघे धरलेले, पण माशांचं तिला जेवढं कळायचं तेवढं बाबांनाही कळत नसे. बाबा जाळं टाकायच्या आधी तिला विचारून जात. त्या साली श्रावण लागला, नदीचा गढूळपणा खाली बसला, आणि एका सकाळी आत्या मला हाताला धरून काठावर घेऊन गेली. शेवाळाच्या कडेला पाण्यावर एक तांबडा डाग होता, टोपलीएवढा. कुंकू सांडल्यासारखा. मी पाहत होते तोच तो डाग सरकला. मग त्याच्या मधोमध पाणी उकळल्यासारखं झालं, फुटाणे तापल्या वाळूत पडल्यावर उडतात तसं, आणि पुन्हा शांत. ती मरळीची पिल्लं होती. शेकड्यांनी. एकेक ज्वारीच्या दाण्याएवढं, लालभडक, सगळी एका गोळ्यात, सगळी एकदम वर येऊन हवेचा घोट घेणारी. आणि त्या लाल गोळ्याच्या बरोबर खाली एक लांब काळी सावली, न हलणारी.

‘ते त्याइची माय,’ आत्या म्हणाली. ‘हात नोको लावू, टक्कर मारते. अन् आयक वच्छे. हे तांबडे पिल्ले जठी हायेत, तठवर पानी लेकराइचं. त्याच्या पुढचं पानी आपलं नाही.’

‘काऊन व आत्या?’

‘लेकुरवाळी हाये ते. पिल्ले खोल पान्यात नेत नाही. तुह्या कमरेच्या वर पानी असन, तं तठी ते पिल्ले ठेवनच नाही. आमच्या मायनं आमाले असंच सांगतलं, आमी असेच नदीत खेळलो.’ थोडं थांबून तिनं माझा दंड दाबला. ‘पन तांबडे हायेत तवरच, बरं का. महिनाभरानं रंग उतरते. रंग उतरला का ते काठ सोडतात अन् मुळ्याइत घुसतात. मुळ्याइतून मोठे झाले का डोहात. मंग त्याइची माय बी त्याइले वळखत नाही, समोर आला तं गिळते. तव्हा त्याइच्या मांगं गेलं का गेलं.’

आमच्याकडं लाल पिल्लांच्या मरळीला कोणी जाळं टाकत नसे. गळही नाही. शेजारच्या काकांनी एकदा नकळत धरली होती, तर आत्यानं त्यांना ती जिवंत परत सोडायला लावली आणि वरून शिव्या दिल्या. पिल्लं वाढेपर्यंत आमच्या घरी झिंग्याची चटणी, आंबाडीची भाजी, ठेचा यावर भागवायचं. ती चटणी आजही माझ्या जिभेवर आहे. तव्यावर झिंगे लाल झाले की माय त्यावर लसूण-मिरची ठेचून टाकायची, आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत घरभर धूर.

आत्यानं मला सांगितलेलं मी चिमीला सांगितलं. पण मी कमी बोलणारी. एका वाक्यात काम होत असेल तर दोन वापरायची नाही. तिला काठावर उभं केलं, बोट दाखवलं आणि म्हटलं, ‘तांबडे पिल्ले जठी, तठवर जायचं. पुढं नाही.’ चिमीनं मान हलवली. बाकीचं, रंगाचं, मुळ्यांचं, डोहाचं, मी सांगितलं नाही. मला वाटलं, सांगू नंतर. पुढचं वाक्य लिहायला मला बासष्टावं वर्ष उजाडावं लागलं. मी तिला अर्धंच सांगितलं होतं.

चिमी फार ऐकणारी पोर. सांगितलं की सांगितलं. रोज सकाळी ती काठावर जाऊन पिल्लं कुठं आहेत ते पाहायची आणि तेवढ्यातच खेळायची. पहिल्यांदा मला बरं वाटलं, कारण मी भांडी घासताना सारखी मान वर करायची गरज उरली नाही. मग काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की ती पाहायला जात नाही. ती सरळ जाते. शेवाळाच्या कडेनं चालत जायची आणि एका ठिकाणी बसायची, आणि तो लाल डाग तिथंच असायचा. काल इथं, आज तिथं, ऊन-सावलीप्रमाणं पिल्लं जागा बदलायची, पण चिमीचं पाऊल कधी चुकलं नाही. एकदा मी विचारलं, ‘तुले कसं समजते व?’

‘ते सांगतात ना,’ ती म्हणाली.

‘कोन?’

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काही तरी खुळ्यासारखं विचारलं आहे.

ती तोंड पाण्याजवळ नेऊन बसायची, नाक बुडेल इतकं जवळ. पिल्लं वर आली की तीही तोंड उघडून मिटायची. घरात जेवताना, भाकर चावता चावता, मधूनच तिचे ओठ उघडत, भप्. मायनं एकदा पाठीत धपाटा घातला, ‘काय व ते, माशावानी?’ चिमी रडली नाही. आणखी एक गोष्ट मायच्या ध्यानात आली. चिमी जन्मापासून मायच्या कुशीत निजायची. श्रावण संपता संपता ती सकाळी उठलं की कुशीत सापडेना. बाजेखाली सापडायची, जिथं बाबांची जुनी जाळी आणि दोऱ्यांची भेंडोळी टाकलेली असत, त्या गुंत्यात अंग मुडपून. मायनं दोन-तीनदा उचलून आणलं. मग सोडून दिलं. म्हणाली, ‘गरम होत असन.’ आत्या मात्र त्या भेंडोळ्यांकडं पाहत राहिली. तिनं अडकित्ता खाली ठेवला.

मी मध्येच आजचं सांगते, कारण त्याच्यावाचून मी हे लिहायला बसले नसते. माझी नात मयूरी खामगावच्या कॉलेजात जाते. मागच्या महिन्यात तिनं मला मोबाईलवर समुद्राच्या तळाचं एक चित्र दाखवलं. तिथं पोवळ्याचे डोंगर आहेत, आणि त्यात रंगीबेरंगी मासे. मी म्हटलं, छान आहेत. ती म्हणाली, ‘आजी, गंमत पाह्य. हे मासे जन्मापासून इथं राहत नाहीत. लहान असतात तेव्हा दूर उथळ गवतात राहतात. मग खाऱ्या पाण्यात झाडं असतात, त्यांच्या मुळ्यांमध्ये. मग मोठे झाले की इथं येतात. रंगसुद्धा बदलतो.’ माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मी विचारलं, ‘त्याइले सांगते कोन, आता निघा म्हनून?’ तिनं थोडं वाचलं आणि म्हणाली, ‘तेच तर पूर्ण समजलं नाही म्हणतात. पण काही पिल्लं म्हणे आवाजावरून जातात. त्या डोंगराचा एक आवाज असतो, तडतड असा. त्यांनी ती जागा कधी पाहिलेली नसते, पण दुरून आवाज ऐकू येतो, आणि ती त्याच्याकडं जातात.’ मयूरी दुसरं काही तरी पाहायला लागली. मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

तर, पोळा होऊन आठेक दिवस झाले होते. भर दुपार. आमच्याकडं त्या वेळेला पोरांना पाण्याजवळ जाऊ देत नसत, पण चिमी खेळायची ते पाणी घोट्याएवढं, त्यामुळं कोणी हरकत घेतली नव्हती. माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेली होती. बाबा नदीपलीकडं मिरच्या तोडत होते, मधल्या शिंदीच्या झाडांमुळं दिसत नव्हते. आत्या आत आडवी झाली होती. मी दगडावर बसून कढईचं बूड घासत होते, आणि घासता घासता मला जाणवलं की काही तरी थांबलं आहे. पाखरं बोलत नव्हती. जांभळीची पानं हलत नव्हती. कढईवर माझा हात फिरत होता, पण त्याचाही आवाज मला दुरून येत होता, दुसरं कोणी घासत असल्यासारखा.

मी मान वर केली. काठावर चिमी नव्हती.

ती मुळ्यांच्या पलीकडं होती. मुळ्यांना धरत धरत ती पार टोकापर्यंत गेली होती आणि आता तिनं मुळी सोडली होती. पाणी तिच्या गळ्याशी होतं. तिची पाठ माझ्याकडं, आणि ती अगदी हळू, देवळात चालावं तशी, डोहाकडं निघाली होती. तिच्या पुढं हातभर अंतरावर पाण्याखाली काही तरी सरकत होतं. मला पहिल्यांदा सावली वाटली. मग उन्हाची तिरीप पडली आणि मला दिसलं. पिल्लं. बोटाएवढी झालेली, मातकट हिरवी, लाल रंगाचा मागमूस नसलेली, तरी अजून एका गोळ्यात. चिमीला रंगाचं कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्यासाठी ती कालचीच पिल्लं होती. ती होती तिथवर जायचं, पुढं नाही. चिमी माझं ऐकत होती. एक पाऊलही पुढं न जाता ती त्यांच्या मागं चालली होती.

मला सगळं एका क्षणात समजलं. आणि मी तोंड उघडलं.

आता मी खरं लिहिते. माझ्या तोंडातून काही निघालं नाही. घसा होता, जीभ होती, हाक छातीत तयार होती, पण ती वर येईना. चार वर्षं ‘हजर’ अडकायचं तिथंच ती अडकली. माझे ओठ उघडले आणि मिटले, पुन्हा उघडले, आणि त्यांचा जेवढा आवाज झाला तेवढाच मला ऐकू आला. भप्. पायही हलेनात. मी त्या दगडावर बसून माझ्या बहिणीला बुडायला जाताना पाहत होते.

चिमी थांबली.

धक्का लागल्यासारखी नाही. कोणी हाक मारल्यावर माणूस थांबतं तशी. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. हनुवटीला पाणी लागत होतं. तिच्या पुढं डोहात एक लांब काळी पाठ वर आली, हवेचा घोट घेतला आणि खाली गेली. पिल्लांचा गोळा फुटला, चहूकडं पांगला, आणि पाणी पुन्हा कोरं झालं. चिमी जिथं होती तिथंच उभी राहिली, हात पाण्यावर पसरून.

मग शिंदीच्या झाडांतून धावतपळत बाबा आले, वरच्या अंगाच्या उथळ पाण्यातून नदी पार करून, कमरेला मिरच्यांची झोळी तशीच. त्यांनी पाण्यात उडी घेतली आणि चिमीला केसांना धरून ओढून आणलं. काठावर टाकल्यावर आधी तिला एक लगावली, मग छातीशी धरलं. आत्याही गुडघे धरत दारापर्यंत आली होती.

‘काऊन थांबली व माय तू तठी?’ बाबांनी चिमीला विचारलं. त्यांचे दात वाजत होते.

‘ताईनं सांगतलं,’ चिमी म्हणाली. ‘चिमे, थांब तठीच, म्हनली.’

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात राखेचा बोळा तसाच होता. ‘तुह्या आवाजानंच त म्या आलो,’ ते म्हणाले. ‘तिकडं पार वावरात आयकू आला. माही पोरगी वाचवली व तू.’ आणि ते रडायला लागले. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

‘मले आत आयकू आला,’ आत्या म्हणाली. ती माझ्याकडं रोखून पाहत होती. ‘म्या म्हटलं, कोन आलं व पाव्हनी? मोठ्या बाईवानी वरडली पोट्टी.’

मी काही बोलले नाही. बोलत नसेच, म्हणून कोणाला त्यात नवल वाटलं नाही.

दुसऱ्या सकाळी बाबांनी लांब बांबू घेऊन चिमी उभी होती ती जागा चाचपली. पाण्याखाली मुरमाची एक कड होती, उंबऱ्याएवढी अरुंद. तिच्या अलीकडं चिमीच्या गळ्याएवढं पाणी. तिच्या पलीकडं बाबांनी बांबू सोडला, खांद्यापर्यंत हात आत घातला, बांबू कशालाच टेकला नाही. बाबा बराच वेळ तसेच वाकून राहिले. मायनं देवापुढं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. त्या दिवसापासून चिमी पुन्हा मायच्या कुशीत निजायला लागली. पिल्लं आम्हाला परत दिसली नाहीत. डोहातला तो आवाज मात्र येत राहिला, आणि तो आला की मी कानांवर हात घेई.

ही गोष्ट मग आमच्या सगळ्या नातेवाइकांत फिरली. मुकी पोर, पण वेळेला कशी ओरडली. माझं लग्न जमवताना बाबांनी तीच सांगितली. पिंपळगाव राजाला माझ्या सासरी फुटाण्यांची भट्टी होती. नदी नाही, डोह नाही, दिवसभर तापल्या वाळूत हरभऱ्याची तडतड. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ‘आमची सून बोलत नाही, पण बोलली त पार वावरात आयकू जाते.’ लोक हसत. मी भट्टीत पाचट सारत राही. जी हाक मी मारलीच नाही तिचं कौतुक मी पन्नास वर्षं खाल्लं आहे. आत्या गेली, बाबा गेले, माय गेली, मालक गेले. कोणालाच सांगितलं नाही. चूक अर्धं सांगण्याची होती, आणि पुढं मी तेवढंही सांगितलं नाही. रात्रंदिवस मला एकच वाटायचं. मी ओरडले नाही, तर मग तिथं कोण होतं?

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चिमी माझ्याकडं आली. ती संग्रामपूरला असते. केस पांढरे झालेत, पण तोंड एक क्षण बंद नसतं, जणू माझ्या वाटणीचंही तिलाच मिळालं. दुपारी जेवणं झाली. सून आणि मयूरी आत झोपल्या होत्या. आम्ही दोघी भट्टीच्या खोलीत बसलो होतो. आता भट्टी चालत नाही, नुसती थंड पडलेली असते, पण त्या खोलीत गारवा असतो. चिमी आंबा चोखत होती.

‘तुह्यापरीस ते भट्टी बरी होती,’ ती म्हणाली. ‘तडतड त करे. तू त नुसती पाह्यते.’

मयूरीनं दाखवलेले मासे माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हते. मी म्हटलं, ‘चिमे, एक सांगायचं हाये. डोहाचं. म्या तुले अर्धंच सांगतलं होतं. रंगाचं सांगतलंच नाही. अन् तव्हा म्या हाक बी मारली नव्हती.’

मला वाटलं होतं ती हसेल, नाही तर रडेल. तिनं कोय ताटात ठेवली, हात पदराला पुसले.

‘मले मालूम हाये,’ ती म्हणाली.

‘कसं?’

‘तू तव्हा अकरा वर्साची व. पिपानीवानी आवाज तुहा, तोबी कव्हा काढला तं. म्या आयकला तो तुहाच होता, पन पोरीचा नव्हता. पिकलेल्या बाईचा होता. जराक फाटलेला.’ ती माझ्याजवळ सरकली. ‘लहानपनी मले काई समजलं नाही. मंग मांगच्या हिवाळ्यात तुहा फोन आला, घसा बसल्ता तुहा, आठोते? तू म्हनली, चिमे, थांब, पोरीले देतो फोन. म्या भाकर टाकून देली चुलीवर. म्हटलं, अवमाय, हाच तं तो.’

भिंतीपलीकडं शेजारणीचं सुपानं पाखडणं चाललं होतं, ते थांबलं.

‘मंग सांगतलं काऊन नाही?’ मी विचारलं.

‘तू कव्हा सांगते, त्याची वाट पाहून राह्यली होती.’ ती हसली, पण डोळ्यांनी नाही. माझा हात तिनं हातात घेतला. तिची बोटं गार होती, आंब्याचा रस असूनही गार. ‘आता एक कर, ताई. तू हाक मारली नाही ना आजून? मंग मार. इसरू नोको. नाही तं मी आजून तठीच उभी हावो.’

मग लगेच ती मोठ्यानं बोलू लागली, सुनेच्या भांडणाचं, दाताच्या डॉक्टरचं, आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली.

आज मयूरी कॉलेजला गेली आहे. सून-मुलगा लग्नाला. मी हे मयूरीच्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहीत आहे. मघाशी इथवर लिहिलं आणि पेन्सिल ठेवली. बाहेर भर दुपार. मी भट्टीच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि थंड वाळूसमोर उभी राहिले. पहिल्यांदा तोंड उघडलं तर नुसते ओठ वाजले, तेच, तसेच. मी डोळे मिटले. काळं पाणी दिसलं, पसरलेले दोन लहान हात दिसले. पाठ माझ्याकडं होती. एक पाऊल उरलं होतं.

‘चिमे!’ मी ओरडले. ‘थांब तठीच!’

आवाज भिंतींना लागून परत आला नाही. गेला. कुठं ते मला सांगता येणार नाही, पण तो जाताना मला कळला, जसं हातातून दोर सुटताना कळतं. जन्मात एवढ्यानं मी कधी बोलले नव्हते. घसा फाटला. मी घाम पुसत उभी राहिले, ऐकत.

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, ‘काय झालं व काकू? कोनाले हाका मारून राह्यल्या?’

‘बहिनीले,’ मी म्हटलं.

‘आल्या का त्या? कुठी हायेत?’

मी बंद दाराकडं पाहिलं. दाराखालून उन्हाची पट्टी आत आली होती, उंबऱ्याएवढी.

‘थांबली,’ मी म्हटलं. ‘आयकलं तिनं.’